दगडूची लेक

माझ्या बापाच्या आधी चार पोरं गेली
म्हणून पाचव्याचं नाव दगडू.
नेणाऱ्याला वाटावं, हे कशाला उचला.
तो जगला,
आणि विट्याच्या निम्म्या पोरांसारखा
पंधराव्या वर्षी गलाईला गेला,
त्रिचूरला, एका बोळातल्या भट्टीवर.
दगडू सोनं गाळायचा.
हे सांगितलं की लोक हसतात. आम्हीही हसायचो.

सुट्टीला आला की बोटं पिवळी,
अंथरुणाला तेजाबाचा वास.
म्हणायचा, सोन्याला आठवण नसते गं.
कुणाची नथ, कुणाचं डोरलं, चोरलेलं, मोडलेलं,
मुशीत गेलं की सगळं एक.
मग खोकायचा. बराच वेळ खोकायचा.
आम्ही पोरी येरळेच्या कोरड्या पात्रात
गारेवर गार घासून ठिणग्या काढत बसायचो.

आता माझं दुकान म्हणजे
रिवाइंडिंगवाल्या शकीलभाईंशेजारची पत्र्याची खोली.
त्यांच्याकडं जळालेल्या मोटारी येतात,
कॉइलमधली तांब्याची तार मी किलोवर घेते.
वरचं लाखेचं कातडं जाळत नाही,
पॉलिशपेपरनं खरवडते. नखं जातात. जाऊ देत.
जिनं रात्रपाळीला पाणी ओढलं
ती तार कुणाच्या तरी कानात वळून बसते.

दगड नदीचा घेत नाही.
नदीत वाळू राहिली नाही, दगड तरी राहू देत.
विहिरींच्या काठावरचे ढीग हुडकते.
सुरुंगानं फुटलेला काळा फत्तर,
त्याच्या पोटात बोराएवढी पोकळी,
पोकळीत गारेचे दात,
कधी सायीसारख्या पट्ट्यांचा अकीक.
तो कुणालाच नको असतो.
खणलेलं पाण्यासाठी असतं ना.

भिंतीवर एकच नियम, खडूनं, दर सोमवारी नव्यानं:
धार सोडल्याशिवाय चाक फिरवायचं नाही.
कोरड्या दगडाची धूळ दिसत नाही, बसते.
छातीत काय काय बसतं ते मी एक्स-रेत बघितलंय.
म्हणून सुकेशनी आणि हलिमा दिवसभर ओल्या हातांनी,
संध्याकाळपर्यंत बोटांचा बेदाणा.
भोक दोन्हीकडून पाडतो, अर्धं इकडून, अर्धं तिकडून.
मधली भेट चुकली तर तो मणी फेकत नाही,
वेगळ्या डबीत ठेवते.
डबी भरत आलीय.

पुण्याहून एकजण आला होता. छान बोलला.
चाळीस जोड, सगळे सारखे, निळे पाहिजेत म्हणाला.
म्हटलं, आमच्याकडं निळा निघत नाही.
रंगात उकळून होतो की, सगळेच करतात.
होतो. मला माहीत आहे.
त्याची गाडी वळत असताना हलिमानं विचारलं,
चाळीस जोडांचे किती झाले असते?
मी हिशेब केला आणि तिला सांगितला.
ती थोडा वेळ चाक न फिरवता बसली.
मग धार सोडली.

एक वही आहे, बापाचीच.
पुढच्या पानांवर तोळे, गुंजा, तूट.
नाव एकही नाही.
मागून मी लिहिते:
भाळवणी, सर्जेराव धनवडे यांची विहीर,
बावन्न फूट, पाणी नाही, करडा अकीक.
त्यांच्याच थोरलीच्या लग्नाला जोड एक,
डावा जरा मोठा.

ती आरशात बघून म्हणाली, काकू, हा डावा जड लागतोय.
म्हटलं, बावन्न फुटांवरनं वर आलाय.
हसली नाही. बोटानं चाचपत राहिली,
तिच्या बापानं तीन उन्हाळे बघितलेला तो अंधार.

वहीत आता पुढून तो आहे, मागून मी.
मधे थोडीच पानं कोरी उरलीत.